छेदाचे बाण

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाण नाहीत! एकाही चित्रावर बाण नाही.

दुपारी सुट्टी टाकून हिच्या स्कॅनचं पाकीट आणलं. आत रिपोर्ट आणि दोन मोठ्या काळ्या फिल्म. रिपोर्टात तेच, जे सर्जनबाईंनी परवा कॉम्प्युटरवर बघून सांगितलं होतं – डाव्या किडनीत गाठ, अडतीस मिलिमीटर. गाठ अगदी मधोमध, म्हणून किडनीच काढावी लागेल. ‘‘दुसरी ठणठणीत आहे, एका किडनीवर माणसं आयुष्य काढतात.’’ ते ऐकलं होतं. पचवलंही होतं, निदान तसं मला वाटत होतं.

आज फिल्म खिडकीला धरली. पोटाचे आडवे छेद, पावाच्या चकत्या मांडाव्यात तसे ओळीने. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग तपासतो मी, छेद म्हणजे माझं रोजचं काम. आतलं दिसत नसतं तेव्हा तुटक रेषा काढतात, आणि तुटक रेषेला माप द्यायचं नाही हा नियम. आतलं माप हवं तर छेद घ्या. पण छेद घेतलात की कुठे कापलं ती रेषा दाखवा, आणि रेषेच्या दोन्ही टोकांना बाण. बाण सांगतो – इकडून बघ. बाण नसेल तर डावं कुठलं, उजवं कुठलं, काढणाऱ्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी सांगता यायचं नाही.

इथे बाण नाही. मग मी नियमाने गेलो. मणका चित्रात खाली, पोट वर. आडवा छेद म्हणजे वरून पाहिलेला, म्हणजे डोक्याकडून. खात्री करायला हिच्या शिवणाच्या पुतळ्यामागे उभा राहिलो. डोकं नाहीच त्याला, मानेवरून वाकून खाली पाहिलं. पोट पुढे, पाठ माझ्याकडे. त्याची उजवी बाजू माझ्या उजवीकडे.

आणि फिल्मवर गाठ आहे उजवीकडे.

रिपोर्ट म्हणतो डावी. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी.

बुधवार, १२

ऑफिसात मन लागलं नाही. चष्मेवाली – आमची नवी इंजिनिअर, हुशार आहे, कॉम्प्युटरवर हात भरभर चालतो – एका झाकणाचं ड्रॉइंग घेऊन आली. छेदाला बाण नाहीत! नेमके आजच!

‘‘सर, हे सगळ्यांना कळतं ना कुठून बघायचं.’’

‘‘सगळ्यांना म्हणजे कोणाला? खाली मशीनवर उभा आहे त्याला तू फोन करून सांगणार?’’

आवाज चढला माझा. टेबलांवरची डोकी वर झाली. बिचारी बाण घालून घेऊन आली. मी लाल पेनाने बरोबरची खूण केली. हात थोडा हलला.

मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. शाळा सुटली आणि ट्रेसिंग करायला लागलो – दुसऱ्याने काढलेल्या रेषा पातळ कागदावर गिरवायच्या. आमचे थोरले ड्राफ्ट्समन, आता नाहीत, पट्टी हातावर आपटून शिकवायचे. एक माप एकदाच द्यायचं. मापाची रेषा वस्तूला चिकटवायची नाही, जरा फट ठेवायची. आकडा खालून किंवा उजवीकडून वाचता आला पाहिजे. आणि काहीही झालं तरी कागदावर पट्टी ठेवून माप काढायचं नाही, लिहिलंय तेच खरं. बाकीचं मी पुस्तकं आणून आणून शिकलो. आज माझ्या सहीशिवाय एकही ड्रॉइंग खाली वर्कशॉपमध्ये उतरत नाही. डिग्रीवाले रांगेत उभे असतात.

आणि काल मी हिच्या फिल्मवर पट्टी ठेवून गाठ मोजली. लाज वाटली. तरी मोजली.

गुरुवार, १३

हॉस्पिटलात फोन. ‘‘मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत.’’ पुन्हा फोन. ‘‘मॅडम बाहेरगावी आहेत, सोमवारी संध्याकाळी राउंडला भेटतील.’’ मी म्हटलं, बाजू चुकली आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘कसली बाजू?’’ काय सांगणार तिला? म्हटलं, राहू द्या.

संध्याकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवतो, तोंडाने नेहमी टॉप गिअरमध्ये. त्याला बाजूला घेऊन फिल्म दाखवली.

‘‘दाजी, तुम्ही लोखंडाच्या प्लेटी तपासता तशी माझी बहीण तपासू नका हं.’’

‘‘अरे, पण बघ तरी!’’

‘‘बघितलं. मला तर दोन शेंगदाणे दिसतात. शिकलेली माणसं आहेत ती, त्यांना त्यांचं काम करू द्या.’’

शिकलेली माणसं! शिकलेल्या माणसांच्या चुकांवरच माझं घर चालतं, हे त्याला कुठून कळणार? पण ओरडलो नाही. मला त्याचा राग आला नव्हता, भीती वाटत होती. रोगट किडनी आत राहील आणि चांगली बाहेर येईल. मग काय उरतं? काहीच नाही. मग आयुष्यभर मशीनला जोडून ठेवतील, आणि आतली गाठ वाढतच जाईल.

शुक्रवार, १४

फिल्मच्या कडेला बारीक ‘आर’ अक्षर आहे. आर म्हणजे राइट, उजवी. आणि ते छापलंय डावीकडे!! अक्षर सरळ आहे, उलटं उमटलेलं नाही. म्हणजे आधी चित्र पालथं झालं, मग कोणीतरी न बघता त्यावर अक्षर टाकलं, आणि त्या अक्षरावरूनच रिपोर्टात ‘डावी’ आलं. ट्रेसिंगच्या दिवसांत असं व्हायचं – कागद पालथा छापला जायचा आणि डाव्या हाताचा भाग उजव्या हाताचा बनून यायचा. एक पूर्ण लॉट भंगारात गेला होता. ते तरी लोखंडाचे भाग होते.

आज एका ड्रॉइंगवर सही केली आणि चष्मेवालीने ते परत आणलं. हळू आवाजात म्हणाली, ‘‘सर, इथे तेच माप दोनदा आलंय. आणि आकडे वेगळे आहेत.’’ मला दिसलं नव्हतं. मला!

ती म्हणाली, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’ मी हो म्हटलं.

शनिवार, १५

शेवटी हिला सांगितलं. दुसरा उपाय नव्हता.

ही मशीनवर बसली होती, कुणाच्या तरी बाह्या जोडत होती. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांचे कपडे देऊन टाकायचे म्हणते, उगाच कुणाचं अडायला नको. मी फिल्म लावली, माझा कागद उलगडला. कागदावर तीन बाजूंनी काढलेलं तिचं पोट, मापांसकट. (पुढचं दृश्य, वरचं, बाजूचं. केंद्ररेषा मणक्यातून.) सगळं समजावलं. बाण, छेद, पुतळा, अक्षर.

तिने कागद बराच वेळ बघितला. म्हणाली, ‘‘अगोबाई! माझी कंबर एवढी सरळ केव्हापासून झाली?’’

मी म्हटलं, चेष्टा करू नकोस.

मग म्हणाली, ‘‘अहो, मी कापड पालथं टाकून आखते ना, तेव्हा डावी बाही उजवीकडेच येते. तसं काही असेल त्यांचं.’’

‘‘हे कापड नाही. इथे कोणी पालथं टाकत नाही. टाकलंच तर लिहावं लागतं.’’

‘‘बरं,’’ म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली. कागदाकडे नाही, माझ्याकडे. मग सुई ओवायला लागली.

माझं कोणी ऐकत नाही, तिच्यासकट. हल्ली भिंतीकडे तोंड करून झोपते. पूर्वी माझ्याकडे वळायची. आता पंख्याचा वारा लागतो म्हणते. कुठला वारा! पंखा छताला मधोमध आहे. घाबरली आहे आणि सांगत नाही, दुसरं काय. मीही सांगत नाही.

रविवार, १६

उद्या भरती. राउंड संध्याकाळी. समजा राउंड झालाच नाही तर? समजा बाई थकलेल्या असल्या आणि फक्त रिपोर्ट वाचला तर? रिपोर्टावर डावी लिहिलंय. लिहिलंय तेच खरं – हे मीच सगळ्यांना शिकवत आलो!

मग ठरवलं. कागदावर बाण नाही ना, मी काढतो. वस्तूवरच काढतो.

ऑफिसातला पेंट मार्कर पिशवीत होता, ओतकामावर खुणा करायचा पिवळा. हिला म्हटलं, उजव्या कुशीवर बाण काढायचा आहे, म्हणजे टेबलावर घेतल्यावर कोणीतरी विचारेल तरी.

मला वाटलं ही भांडेल. नाही. फक्त म्हणाली, ‘‘निघेल ना तो?’’

‘‘निघू नये म्हणूनच तो.’’

‘‘डाव्या कुशीवर झोप,’’ म्हटलं, ‘‘उजवी बाजू वर येईल, रेषा नीट काढता येईल.’’ तर म्हणे, ‘‘नको. उभ्यानेच काढा.’’ हट्ट! उभ्या माणसाच्या कमरेवर सरळ रेषा काढून बघा म्हणावं. पुतळ्याला धरून उभी राहिली, पदर खोचून. मार्करचं टोपण मला पटकन निघेना. बोटं ऐकतच नव्हती. एकदा टोक टेकवलं, उचललं. पुन्हा टेकवलं.

‘‘काढा,’’ म्हणाली. ‘‘मी आहे इथेच.’’

मग काढला. चांगला आला. दांडा सरळ, टोक भरीव, लांबी रुंदीच्या तिप्पट. हात धुतले तेव्हा लक्षात आलं, हात स्थिर आहेत. मंगळवारपासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. हीही जेवली.

सोमवार, १७

हे कसं लिहू? पण लिहितो.

सकाळी भरती केलं. खिडकीजवळची खाट. संध्याकाळी सर्जनबाई खरंच आल्या. मेहुणाही होता. मी पाठ केलं होतं सगळं. फिल्म काढली आणि सांगितलं: मॅडम, तुमच्या छेदाला बाण नाही, आणि बाजू चुकली आहे.

त्यांनी माझं पूर्ण ऐकलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही डोक्याकडून बघताय. आम्ही पायाकडून बघतो. या इकडे.’’ आणि मला धरून खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. ही समोर उताणी, पाय माझ्याकडे. ‘‘आता यांची डावी बाजू तुमच्या कुठल्या हाताला?’’

उजव्या.

‘‘आणि हे मोठं करडं दिसतंय ना, ते लिव्हर. लिव्हर पोटात उजवीकडे असतं. चित्रात डावीकडे आहे. म्हणजे चित्राची डावी ती यांची उजवी. ते आर त्यासाठीच आहे.’’

आम्ही याला बेस म्हणतो. सगळी मापं जिथून सुरू होतात ती बाजू. ती एकदा ठरली की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. बसलं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं चित्र एका झटक्यात फिरलं आणि जागेवर बसलं. गाठ डावीकडे. रिपोर्ट बरोबर. आर बरोबर. मी –

‘‘मग बाण का नाही काढत?’’ विचारलं.

‘‘कशाला? सगळ्यांना कळतं ना कुठून बघायचं.’’

चष्मेवालीचं वाक्य. जसंच्या तसं.

बाई हसल्या, हिच्या पायावर थोपटून गेल्या. मेहुणा खिडकीबाहेर बघत होता, खांदे हलत होते. मीसुद्धा सुटल्यासारखा हसलो. आणि मग आठवला – माझा बाण!

उजव्या कुशीवर. चांगल्या किडनीवर. भरीव टोकाचा. निघू नये असा.

मी जिन्यापर्यंत पळालो. बाई गेल्या होत्या. कुणी रिपोर्टातली डावी विसरेल आणि अंगावरचा बाण बघेल. बाण असला की माणूस वाचत नाही, बाणाकडे जातो. मी स्वतः तसाच जातो! चूक कागदात नव्हती. चूक मी घातली, तीही वस्तूवर, स्वतःच्या हाताने.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

‘‘कशाने काढलात?’’

‘‘पेंट मार्करने.’’

‘‘तो लोखंडावरचा? काका, माझा भाऊ गॅरेजवाला आहे. त्याच्या दारावर तसला एक आकडा आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासून.’’

पडदा ओढला. स्पिरिट, कापूस. पिवळा हलेना. मग कोणीतरी नेलपॉलिश काढायची बाटली आणली. मी घासत होतो, सिस्टर घासत होत्या, आणि ही – ही हसत होती! ‘‘अहो, हळू. गुदगुल्या होतात.’’ मेहुणा पडद्याबाहेरून, ‘‘ताई, सॅंडपेपर आणू का?’’

कातडी लाल झाली. बाण गेला, पण नीट गेला नाही. पिवळट सावली राहिली. टोक अजून कळतं. सिस्टर म्हणाल्या, पुरे, नाहीतर जखम होईल. केसपेपरवर माझ्यासमोर लिहिलं: ‘उजव्या बाजूची खूण पतीने केलेली. चुकीची. दुर्लक्ष करावे.’

खाली सही केली आणि मला दाखवलं. ‘‘झालं समाधान?’’

चुकीची. आयुष्यभर लाल पेनाने मी दुसऱ्यांच्या कागदावर हा शब्द लिहिला. समाधान कसलं! लिहिलेलं कोणी वाचलंच नाही तर?

मंगळवार, १८

सकाळी सर्जनबाई जांभळा पेन घेऊन आल्या. केसपेपर वाचला. (वाचला! मी त्यांचे डोळे ओळींवरून सरकताना पाहिले.) तरी हिला विचारलं, ‘‘ताई, कुठली बाजू?’’

हिने तळहात डाव्या कुशीवर ठेवला. पटकन. कोणाकडे न बघता.

बाईंनी तिथे बाण काढला. टोक उघडं, दांडा वाकडा, प्रमाण साफ चुकलेलं. इतका सुंदर बाण मी पाहिला नाही.

स्ट्रेचर नेताना हिने माझं बोट दाबलं. दार मिटलं. मग बाकावर बसलो. पिवळी सावली डोळ्यांसमोरून जाईना. आत हिरवं कापड टाकतील, फक्त एक चौकोन उघडा ठेवतील. कुठला चौकोन? दर वेळी दार उघडलं की उठायचो. मेहुण्याने चहा आणला, तो तसाच निवला. तो माझ्या शेजारीच बसला. मध्येच म्हणाला, ‘‘दाजी, मला तरी काय कळलं होतं, शेंगदाणेच दिसले होते. मी उगाच बोललो.’’ मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुपारी बाई बाहेर आल्या. मास्क खाली. ‘‘डावी काढली. गाठ त्यातच होती, पूर्ण निघाली.’’

मी पुन्हा विचारलं, कुठली? त्या न रागावता म्हणाल्या, ‘‘डावी, काका.’’

बुधवार, १९

शुद्धीवर आहे. पाणी मागते. गाठीचा निकाल यायचाय. पुन्हा भीती, पण ही वेगळी. या भीतीत माझा हात नाही.

शुक्रवार, २१

लघवी नीट होते आहे. पिशवीवरच्या रेघांवरून मी रोज माप बघतो. सिस्टर म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही बघत बसलात म्हणून जास्त नाही होणार.’’ तरी बघतो.

सोमवार, २४

घरी आलो. ऑफिसात फोन केला. चष्मेवालीने उचलला. म्हटलं, झाकणाच्या ड्रॉइंगवरून मी ओरडायला नको होतं. ती म्हणाली, ‘‘सर, बाण हवेच होते पण.’’ हवेच होते. दोन्ही खरं आहे.

गुरुवार, २७

निकाल आला. गाठ वाईट होती, पण किडनीच्या बाहेर गेली नव्हती. औषध नाही, फक्त तपासण्या.

पट्टी बदलताना हिला पहिल्यांदा विचारलं, ही बाजू दुखत होती का गं आधी?

‘‘वर्ष झालं. त्या कुशीवर झोपताच येत नव्हतं.’’

पंख्याचा वारा. भिंतीकडे तोंड. उभ्यानेच काढा. मी पट्टी नीट बसवली. मग विचारलं, म्हणजे रविवारी, मी उजवीकडे बाण काढत होतो तेव्हा, तुला ठाऊक होतं?

‘‘माझंच पोट आहे ना. डॉक्टरांना सांगणारच होते तोंडाने.’’

मग काढू का दिलास?

‘‘तुमचा हात किती थरथरत होता,’’ म्हणाली. ‘‘बाण काढला आणि थांबला.’’